घर क्रमांक ४३ आणि दोन पायली बाजरी

अर्जदार : कु. स्नेहा सुपडू पाखरे, बी.एस्सी. (रसायनशास्त्र),
मु. कोसाड, अमरोलीजवळ, सुरत (गुजरात)
दिनांक : २८ डिसेंबर १९९६

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय (अभिलेख कक्ष),
आंबेघाट, जिल्हा औरंगाबाद

विषय : मौजे बोरमाळ येथील सन १९५१ च्या गाव नोंदवहीतील घर क्र. ४३ ची नोंद न बदलण्याबाबत, तिची नक्कल मिळण्याबाबत व त्या नोंदीसमोर दोन पायली बाजरी ठेवू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज दि. ३ जून १९९६ व त्यावरील आपले उत्तर. २) अर्जदाराचा अर्ज दि. ९ सप्टेंबर १९९६ व त्यावरील आपले उत्तर. ३) आपले अभिलेखपाल श्री. श्रीरंग दाभाडे यांच्याशी दि. १६ व १७ डिसेंबर रोजी झालेले समक्ष बोलणे.

महोदय,

१. अर्जदार ही कडोदऱ्याच्या एका डाइंग हाउसच्या प्रयोगशाळेत काम करते. ठरवलेला रंग आणि कापडावर प्रत्यक्ष उतरलेला रंग यांत फरक का पडला, हे शोधणे एवढेच तिचे काम आहे. ही सवय ती घरीही सोडत नाही, अशी तिची आई सौ. मंदा यांची तक्रार आहे. आधीचे दोन अर्ज या सवयीतून झाले. हा तिसरा मात्र अर्जदाराच्या आजींच्या सांगण्यावरून केलेला आहे, म्हणून त्यातील काही मागण्या आपणास नेहमीच्या वाटणार नाहीत.

२. गेल्या मे महिन्यात अर्जदाराच्या आजी श्रीमती उषाबाई लोटू पाखरे, वय अंदाजे बहात्तर, यांना कावीळ झाली. आता त्या बऱ्या आहेत. आजारपणात त्यांनी घरातल्या सगळ्यांना खाटेजवळ बोलावून सांगितले, की आपले काही झाले तर सुपडूने अग्नी देऊ नये, कारण सुपडू आपला मुलगा नाही. सुपडू म्हणजे अर्जदाराचे वडील. वय एकोणपन्नास, काम यंत्रमागावर. त्या वेळी ते आजींचेच पाय चेपत होते. त्यांनी चेपणे थांबवले नाही. "तापात बोलतेय," एवढेच ते म्हणाले. ताप गेला, कावीळ गेली, पण आजींचे म्हणणे गेले नाही. "गावच्या कागदात बघा जाऊन, कुणाचा लिहिलाय त्यो," असे त्या रोज सकाळी चहाबरोबर म्हणू लागल्या. आजींच्या मनातून हे काढून टाकावे, या एकाच हेतूने अर्जदाराने पहिला अर्ज केला. गावच्या कागदात वडील आजीआजोबांच्या घरात दिसतील, ती नक्कल आजींना वाचून दाखवावी आणि विषय मिटवावा, असे ठरले होते.

३. आपल्या कार्यालयाचे पहिले उत्तर असे होते : "उपरोक्त नावाचे कुटुंब सन १९५१ च्या गाव नोंदवहीत आढळून येत नाही. सबब असे कुटुंब मौजे बोरमाळ येथे राहत नव्हते." यातील पहिले वाक्य निरीक्षण आहे आणि दुसरे निष्कर्ष. दोन्हींच्या मध्ये जी उडी आहे, ती मारण्याइतकी सामग्री कार्यालयाकडे नव्हती, असे अर्जदाराचे तेव्हा नम्र मत होते व आजही आहे. परीक्षानळीत रंग आला नाही, तर पदार्थच नव्हता असे लगेच म्हणता येत नाही. नळीही चुकीची असू शकते.

दुसऱ्या अर्जावर कार्यालयाने लोटू पाखरे नावाचा इसम अस्तित्वात होता याचा पुरावा मागितला. अर्जदाराने वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला व स्वतःचा जन्मदाखला जोडला आणि कळवले, की नात आहे त्याअर्थी आजोबा असले पाहिजेत. त्यावर "अनुमान ग्राह्य धरता येत नाही" असे उत्तर आले. अर्जदार याबद्दल रागावलेली नाही. आजोबा १९७४ साली वारले, त्यामुळे त्यांनाही हे पत्र वाचावे लागले नाही.

४. शेवटी दि. १६ डिसेंबर रोजी अर्जदार स्वतः आंबेघाटला आली. श्री. दाभाडे साहेबांनी "एवढ्या लांबून आलात, अन् डबा न आणता?" असे विचारून आधी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दिली, मग नोंदवही काढली. वाचताना अर्जदाराचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा त्यांनी आपला चष्माही देऊ केला. त्या चष्म्यातून काहीच दिसले नाही, पण त्यांच्या सौजन्याची नोंद येथे असावी.

नोंदवहीत घर क्र. ४१ नंतर घर क्र. ४२ आहे. त्यापुढे एकच शेरा आहे : "बंद. कोणी नाही." आणि घर क्र. ४३ पुढे तीन नावे आहेत. कासम वल्द हुसेन, पिंजारी, वय ३५. अमीनाबी, पत्नी, वय ३०. सुपडू, मुलगा, वय ४.

"पिंजाऱ्याच्या घरात सुपडू?" दाभाडे साहेब म्हणाले. "लिहिणाऱ्याला डुलकी लागली असणार."

लिहिणारा पूर्ण जागा होता, हे अर्जदारास त्याच दुपारी बोरमाळला थोडेसे आणि दोन दिवसांनी घरी गेल्यावर सारे समजले. तिने पान जसेच्या तसे उतरवून आणले होते. ते ऐकून मेथी निवडत बसलेल्या आजी मान वर न करता म्हणाल्या, "मग? मी काय येगळं सांगत व्हते?" पुढील सर्व हकीकत त्यांनी त्या मेथीच्या जुडीवर सांगितली. अर्जदाराने ती टिपून घेतली असून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारून ताडून पाहिली आहे. दोन्ही वेळचे कथन जुळते.

५. वडिलांच्या आधी आजींची तीन मुले दगावली होती. त्यामुळे चौथे १९४७ साली झाले, तेव्हा त्या भागातल्या रीतीप्रमाणे बाराव्या दिवशी त्याला सुपात घालून दाराबाहेर ठेवले आणि विकले. मूल आपले नाही असे झाले, म्हणजे मरणाला त्याचा पत्ता लागत नाही, अशी समजूत. म्हणूनच नाव सुपडू. विकत घेणारे शक्यतो परक्या घरातले असावे लागते. शेजारच्या घरातल्या अमीनाबींना मूल नव्हते. त्यांनी दोन पायली बाजरी दिली, मूल उचलून घरात नेले, घटकाभर मांडीवर घेतले आणि "आता तूच सांभाळ माझ्या पोराला" असे म्हणून आजींकडे परत आणून दिले. पुढे मुलाच्या लग्नाआधी आईने तेवढेच धान्य परत करायचे आणि मूल सोडवून घ्यायचे, की व्यवहार पुरा होतो. तोवर मूल घेणाऱ्याचे. ही रीत शास्त्रात बसत नाही, हे अर्जदारास ठाऊक आहे. मात्र नमुना एक असला तरी मूल जगले, याकडे आजी बोट दाखवतात.

६. सन १९४८ मध्ये बोरमाळसारख्या संस्थानच्या हद्दीवरच्या गावांत काय चालले होते, हे आपणास सांगायला नको. आजींच्या सांगण्याप्रमाणे त्या वर्षी गावात दोनदा नावांच्या याद्या आल्या. उन्हाळ्यात आली ती एका बाजूच्या घरांची. हत्यारबंद माणसे येत असल्याचे कळताच आजीआजोबा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला पळाले. मुलाला ताप होता, म्हणून तो अमीनाबींकडे राहिला. माणसांनी दारात येऊन विचारले, पोरगं कुणाचं. अमीनाबींनी सांगितले, माझे आहे, दोन पायलीला घेतलेय. अकरा दिवस तो त्यांच्याकडे होता.

भाद्रपदात फौज आली, राज्य बदलले आणि दुसरी यादी निघाली. ती दुसऱ्या बाजूच्या घरांची. या खेपेस आजी घर क्र. ४३ च्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. आलेल्यांना त्यांनी सांगितले, "ह्या घरात माझं पोरगं हाये." लोक पुढच्या घराकडे गेले.

दोघींपैकी कोणीही खोटे बोलले नाही, यावर आजींचा विशेष भर आहे. अर्जदारानेही तपासून पाहिले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरतात.

७. त्यानंतर १९५१ साली मोजणीदार आला. आजोबा तेव्हा चाळीसगावला सरकीच्या कारखान्यात होते. कोणीतरी नावे लिहून घेत घरोघर फिरतोय, एवढेच आजींच्या कानावर आले. नावे लिहिणारे यापूर्वी दोनदा आलेले असल्याने आजींनी घराला कुलूप लावले, मुलाला अमीनाबींच्या मांडीवर दिले आणि दिवसभर मळ्यातल्या विहिरीमागे बसल्या. मोजणीदाराने बंद घर बंद लिहिले. शेजारच्या घरात जे मूल होते ते कोणाचे, असे विचारले व जे उत्तर मिळाले ते लिहिले. अशा रीतीने अर्जदाराचे आजीआजोबा सरकारदप्तरी नाहीसे झाले आणि वडील शेजारच्या घरात जमा झाले. यात मोजणीदाराची काहीच चूक नाही. आपल्या कार्यालयाचीही नाही. पहिल्या उत्तरातली ती उडी तेवढी सोडून.

८. सन १९५२ मध्ये आजीआजोबांनी गाव सोडले. विकलेले मूल घेऊन अमीनाबींच्या समोरून जायचे कसे, हे आजींना सुचेना. म्हणून त्यांनी बाजाराचा दिवस धरला. अमीनाबी बाजाराला गेलेल्या असताना हे तिघे निघाले ते आधी चाळीसगाव, मग चलथाणला उसाच्या कामावर आणि शेवटी सुरतेत. "दुसऱ्याचं पोरगं न सांगता घेऊन आले मी," असे आजी म्हणतात. बाजरी परत करायची राहिली. दर वर्षी गावी जाऊ तेव्हा देऊ असे ठरे, आणि दर वर्षी गावी जाणे राही. वडिलांचे लग्न १९७१ साली तसेच झाले. सौ. मंदा यांचे यावर म्हणणे असे, की दोन सासवा आहेत हे त्यांना मागणी घालतानाच सांगायला हवे होते.

गाव सोडले तरी हा प्रकार थांबला नाही, तो पुढील प्रत्येक मोजणीत चालू राहिला. १९६१ आणि १९७१ बद्दल फक्त आजींचे सांगणे आहे, पुरावा नाही. १९८१ बद्दल सौ. मंदा साक्षीदार आहेत. १९९१ साली मात्र वडील स्वतः खाटेवर बसून पोहे खात होते. मोजणीला आलेल्या गुजराती मास्तरांनी आजींना "केटला छोकरा?" असे विचारले. आजींनी "एकही नाही" असे सांगितले. मास्तरांनी पोहे खाणाऱ्याकडे पाहिले. आजी म्हणाल्या, "त्यो पिंजाऱ्याचा." मास्तरांनी पाहुणा समजून त्यांना वगळले. वडिलांना कारण विचारले असता, तोंडात घास होता, असे उत्तर मिळाले. दोन वर्षांपूर्वी प्लेगच्या वेळी दारोदार नावे लिहून नेली, त्या यादीतही ते नव्हते. सहा निरीक्षणांत एकच निकाल येतो, तेव्हा तो योगायोग मानता येत नाही. अर्जदाराचे वडील गेली पंचेचाळीस वर्षे आपल्या आईच्या घरात कोठेही मोजले गेलेले नाहीत. "मला एकदा कुणीतरी मोजून टाका," असे ते हल्ली कामावर जाताना म्हणतात. म्हणतात हसत, पण रोज म्हणतात.

९. अमीनाबींचा शोध घेऊन बाजरी परत करणे, हा यावरचा सरळ उपाय. घर क्र. ४३ कोणाचे, हे विचारायला अर्जदार दि. १६ रोजीच दुपारी बोरमाळला गेली होती. तेथील जुने कोतवाल उखा बाबा, वय ऐंशीच्या पुढे, यांनी सांगितले, की पाखऱ्यांचे पोर अमीनाबींनी दोन पायली बाजरीला घेतले होते, ती बाजरी परत आलीच नाही, आणि अमीनाबी १९६६ साली व कासमभाई १९६९ साली तेथेच वारले. मूलबाळ झाले नाही. घराच्या जागी आता पिठाची चक्की आहे.

उखा बाबांनी आणखी एक सांगितले. पाखरे मंडळी गेल्यानंतरही कैक वर्षे अमीनाबी दर बाजाराला रेवड्यांची एक पुडी आणून घर क्र. ४२ च्या बंद दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवत. "उंदरांनी खाल्ल्या असतील?" असे विचारता उखा बाबा म्हणाले, "अर्ध्या उंदरांनी. अर्ध्या म्या." ही माहिती अर्जदाराने आजींना सांगितलेली नाही. आपली व आजींची भेट झाल्यास आपणही कृपया तिचा उल्लेख करू नये.

१०. दि. १७ रोजी दाभाडे साहेबांनी उखा बाबांकडून कळलेली ही परिस्थिती ऐकून कायद्याच्या अंगाने विचार केला. घेणारी वारली तर धान्य वारसाला द्यावे. वारस कोण? नोंदवहीप्रमाणे मुलगा, सुपडू. म्हणजे उषाबाईंनी सुपडूला सोडवण्यासाठी सुपडूलाच बाजरी द्यावी आणि मोकळे व्हावे. हे घरी सांगितल्यावर आजींनी ते साफ नाकारले. "आपली किंमत आपणच घेऊन कुणी सुटतं का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

दाभाडे साहेबांचा दुसरा उपाय असा होता, की नोंदवहीतील चूक दुरुस्त करण्याचा अर्ज करावा. साहेबांची आज्ञा झाली, तर घर ४३ मधील नाव लाल शाईने खोडून समासात शेरा मारता येईल. हा उपाय अर्जदारास पटला होता. वडील तर त्या संध्याकाळी नवा सदरा घालून बसले. आजींनी मात्र तांबड्या शाईचे नाव ऐकताच मेथी बाजूला ठेवली.

"खोडायचं?" त्या म्हणाल्या. "मग तिच्या घरात दोनच माणसं ऱ्हातील."

वडिलांनी सदरा काढून त्याची घडी घातली आणि ते म्हणाले, "राहू दे तिथं. लिहिलंय ते काही खोटं नाही."

११. तेव्हा परिस्थिती अशी आहे. नोंद खरी आहे, म्हणून ती बदलायची नाही. मुलगा सोडवायचा आहे, म्हणून बाजरी परत करायची आहे. घेणारी जिवंत नाही आणि वारस म्हणून दुसरे कोणी नाही. अमीनाबींचे नाव, घर आणि त्या घरातील मूल हे तिन्ही आज ज्या एका जागी एकत्र सापडतात, ती जागा आपल्या अभिलेख कक्षातील डावीकडच्या रॅकचा तिसरा कप्पा होय. आजींचा विचार यावरच स्थिर झाला आहे. भोगीच्या दिवशी, म्हणजे सोमवार दि. १३ जानेवारी रोजी, त्या अर्जदाराबरोबर आंबेघाटला येतील. त्या दिवशी कार्यालयास सुट्टी नाही, हे पाहून घेतले आहे.

त्यानुसार विनंती अशी, की घर क्र. ४३ चे पान त्या दिवशी पाच मिनिटे उघडून ठेवण्यास आणि त्यासमोर दोन पायली बाजरी ठेवण्यास परवानगी मिळावी. अभिलेख कक्षात खाण्याची वस्तू आणू नये, असा फलक दारावर आहे व त्यामागील उंदरांचा विचार अर्जदारास पूर्ण मान्य आहे. बाजरी उन्हात वाळवून, पाखडून, प्रयोगशाळेतील कोऱ्या हवाबंद बरणीत आणली जाईल. बरणी उघडली जाणार नाही. पायलीच्या मापाबाबत : घाटावरची पायली आणि खानदेशातली पायली यांत फरक आहे. दोन्हींनी मापून पाहिले असता आजींनी मोठे माप धरण्यास सांगितले.

परत केलेले धान्य कोणीतरी स्वीकारावे लागते. दाभाडे साहेब नोंदवही बांधून ठेवताना सहज म्हणाले होते, की या गावांतली सगळी घरे आता त्यांच्याच राखणीत आहेत. आजींना हे सांगितल्यावर त्यांनी "मग त्योच घरधनी" असा निर्णय दिला. त्यामुळे बाजरी दाभाडे साहेबांनी घर ४३ च्या वतीने ताब्यात घ्यावी व तिच्या भाकऱ्या शक्यतो घरी करून खाव्यात, अशी प्रार्थना आहे. शासकीय सेवकास भेटवस्तू घेता येत नाही याची अर्जदारास जाणीव आहे. ही भेट नसून परतफेड आहे, आणि तीही, लग्नापासून धरली तर, पंचवीस वर्षे उशिराची. नियमात बसत नसल्यास सर्व कर्मचाऱ्यांनी मिळून खाव्यात. आजी तिळाची चटणी आणणारच आहेत, त्यांना थांबवणे शक्य झालेले नाही.

याखेरीज नोंदीची एक साक्षांकित नक्कल द्यावी. तिच्या मागील बाजूस "दोन पायली बाजरी पोचली" एवढे चार शब्द लिहून कार्यालयाचा शिक्का मिळाला, तर आजींचे दुसरे काही मागणे उरणार नाही. नोंदीत एका अक्षराचाही बदल करू नये.

१२. आपल्या कार्यालयात असा अर्ज यापूर्वी आला नसावा आणि त्यासाठी नमुना ठरलेला नसावा, याची कल्पना आहे. तरीही प्रवासाचे आरक्षण करायचे असल्याने आठ जानेवारीपर्यंत कळवल्यास बरे होईल. आजी पूर्वी कोणत्याही सरकारी कागदासमोर बसलेल्या नाहीत, विहिरीमागे बसल्या आहेत. या खेपेस त्या आपणहून येत आहेत, एवढे ध्यानात घ्यावे.

आपल्या दप्तरातल्या बंद घराची नात,

स्नेहा सुपडू पाखरे

सोबत :
१. घर क्र. ४२ व ४३ च्या नोंदींचा अर्जदाराने उतरवून घेतलेला मजकूर.
२. श्रीमती उषाबाई यांचे दोन दिवसांचे कथन, अर्जदाराच्या हस्ताक्षरात.
३. बाजरीचा नमुना, एक चमचा, पुडीत. (दाणा पाहून घ्यावा, असा आजींचा आग्रह.)
४. श्रीमती उषाबाई लोटू पाखरे यांची हमी, डाव्या हाताच्या अंगठ्यासह : "पावती मिळाल्यावर सुपडू माझा. दोन हजार एक साली मोजायला येतील तेव्हा मी असले तर मी सांगीन, नसले तर त्यानं घास गिळून सोता सांगावं."